पत्र परत करण्याचा मान

आमच्या मालकांना 'मालक' म्हटलेलं अजिबात खपत नसे, आणि कारखान्यातल्या एकाही माणसानं त्यांचं हे एवढं एक कधी ऐकलं नाही. "मालक म्हणू नकात गो, माका घोड्यार बसल्यासारख्या वाटता," असं ते कळवळून म्हणायचे. बायका "बरा, मालक" म्हणायच्या आणि काजू फोडायला लागायच्या. मीही तेच म्हणायचे. आता ते नाहीत, तरी मनातल्या मनात त्यांच्याशी बोलताना तोंडात तेच येतं.

कारखाना कट्ट्याच्या बाजारापासून पायी वीस मिनिटांवर होता. कारखाना म्हणजे कौलारू छपराच्या तीन पडव्या, एक भट्टी, बी वाळवायचं मोठं खळं आणि कोपऱ्यात माझं ऑफिस, ज्यात एक टेबल, एक मराठी टाइपरायटर आणि मी. ऐंशी सालानंतरची पहिली काही वर्षं मी तिथं होते. मालवणहून सकाळच्या एस.टी.नं यायचे. बी.कॉम. होऊन घरात बसले होते, वडील प्राथमिक शाळेत मास्तर, त्यांना कुणीतरी सांगितलं की काजूच्या कारखान्यात पत्रं टाइप करायला माणूस हवा आहे. वडिलांनी पहिल्या दिवशी बसस्टँडवर पोचवताना एकच उपदेश केला. "मालकापुढं तोंड उघडू नकोस. नोकरी अशीच टिकते."

गेले, तर मालक उलट्या डब्यावर बसलेले. खाकी अर्धी चड्डी, वर पांढरा सदरा, हातात बारा महिने छत्री. छत्री ते उघडत क्वचितच. ती माणसांकडे आणि पोत्यांकडे दाखवायला होती. मला बघून त्यांनी छत्री टाइपरायटरकडे केली आणि विचारलं, "ह्यो खंय ठेवूया? तुका काय वाटता?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही म्हणाल तिथं." त्यांचा चेहरा पडला. "माका काय वाटता ता माका म्हायती आसा," ते म्हणाले, "तुका इचारलंय." शेवटी मी भीतभीत खिडकी दाखवली. त्यांनी स्वतः टेबल उचलून खिडकीखाली ठेवलं.

'तुका काय वाटता' हे त्यांचं व्यसन होतं. कट्ट्याच्या न्हाव्यालाही ते हेच विचारायचे. न्हावी बिचारा विचारी, "कशे कापू?" हे म्हणत, "तुका काय वाटता?" आणि न्हाव्याला दरवेळी काहीतरी वेगळं वाटे. महिन्यातून एकदा मालकांचं डोकं असं होऊन यायचं की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पुढच्या महिन्यात हे पुन्हा त्याच न्हाव्याकडे. एस.टी.च्या कंडक्टरला एकदा त्यांनी विचारलं होतं की ही गाडी वेळेवर सुटायची तर काय करायला हवं, तुका काय वाटता. कंडक्टरनं त्यांना वेडा समजून तिकीट दिलं आणि पुढं सरकला.

हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. मुंबईला एका मोठ्या कंपनीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. "चोवीस वर्षां त्याच खुर्चेर होतंय," ते म्हणाले. "चोवीस वर्षांत एकदाय कोणी माका इचारल्यान नाय, तुका काय वाटता म्हणान. आणि माका वाटत होता गो. खूप वाटत होता." एवढं बोलून ते छत्री काखेत मारून भट्टीकडे निघून गेले. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मला ते नुसतं गमतीचं वाटलं होतं.

मुंबई सोडून गावाला आल्यावर त्यांनी कारखाना काढला आणि त्यात गावच्या देवळाची रीत आणली. आमच्याकडे देवळात प्रत्येक गोष्टीचा मान ठरलेला असतो. पहिला नारळ कुणी ठेवायचा, पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, ते त्या त्या घराचं. तो मान कुणी हिसकावला तर सख्खे भाऊबंद कोर्टात जातात. मालकांनी तसे कारखान्यात मान वाटले. भट्टीचा मान भिकाजीचा. बी किती भाजायची ते तो ठरवणार, त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, मालकांनीसुद्धा नाही. पत्र्याचा डबा कथिल लावून बंद करण्याचा मान झाळणाऱ्याचा. आत अख्ख्या गराऐवजी तुकडा दिसला तर त्यानं डबा परत पाठवावा, कुणाला विचारू नये. "देवळात मान जन्मान मिळता," ते म्हणायचे. "हंय कामान मिळतलो. आणि एकदा दिलो की मी पण तो काढूचंय नाय."

सगळ्यात मोठा मान सुंदराकाकीचा. आलेलं बीचं पोतं घ्यायचं की फाटकातून परत पाठवायचं, हे तिनं ठरवायचं. काकी पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची, तळातली मूठभर बी काढून कानाशी खुळखुळवायची, एक दाताखाली धरायची. मग मान हलवायची, आडवी किंवा उभी. तिच्या घराला देवळात कसलाच मान नव्हता. जत्रेत ती माणसं लांब उभी राहायची. पहिल्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर हे काम तिच्याकडे दिलं तेव्हा ती घरी जाऊन रडली होती, असं तिनंच मला पुढं सांगितलं.

एकदा खुद्द मालकांच्या बागेतली पोती आली. काकीनं हात घातला, बी खुळखुळवली आणि मान आडवी हलवली.

"गो, ही माझ्या बागेतली बी," मालक म्हणाले.

"बाग तुमची," काकी म्हणाली, "पण बी ओलीच मां? फोडल्यार सगळो तुकडो पडतलो."

मालकांनी छत्री फाटकाकडे केली. मग त्यांनी गाडीवानाला पोती उलट फिरवायला लावली. पुढचे चार दिवस मालक आणि त्यांची बायको स्वतःच्या अंगणात ती बी वाळवत होते. पाचव्या दिवशी पोती पुन्हा आली. काकीनं हात घातला आणि मान उभी हलवली, तसे मालक परीक्षेत पास झालेल्या पोरासारखे हसले.

मालकांच्या बायकोला आम्ही वहिनी म्हणायचो. त्यांची जीभ तिखट होती. "कारखान्यात चाळीस बायकांका इचारतत, तुमका काय वाटता," त्या मला म्हणायच्या. "घरात आमटीत मीठ किती घालूचा ता पण आपणच सांगतत." ते खोटं नव्हतं. मालक घराचा उंबरा ओलांडून आत गेले की दुसराच माणूस व्हायचे. तिथं एक तर ते हुकूम सोडायचे, नाहीतर पाळायचे. पाळायचे ते थोरल्या भावाचे. हे दादा मुंबईला असत. त्यांनीच मालकांना लहानपणी वाढवलं, शिकवलं, ती चोवीस वर्षांची नोकरीही त्यांनीच लावून दिली. चतुर्थीला ते गावी आले की मालक त्यांच्यासमोर छत्री मिटून, हात जोडल्यासारखे उभे राहत. मी एकदा कागदांवर सही घ्यायला घरी गेले होते. दादा बोलत होते आणि हे "होय दादा, होय दादा" म्हणत होते. मला ओशाळल्यासारखं झालं. सही न घेताच परत आले.

मान वाटून दिला म्हणजे लोक लगेच तो वापरतात, असं काही नसतं. आमच्या बायकांना तर तो पेलायलाच वर्ष गेलं. पहिल्या वर्षी लावणीचे दिवस आले. त्या दिवसांत बायका आपापल्या शेतात जायच्या, म्हणजे कारखाना ओस पडणार होता. मालकांनी सगळ्यांना खळ्यात बसवून सांगितलं की ह्या दिवसांत कारखाना चालू ठेवायचा की बंद, तुम्हीच ठरवा. बायकांनी दोन दिवस भांडण केलं. तिसऱ्या दिवशी सगळ्या मिळून गावच्या देवळात गेल्या आणि देवीला कौल लावला. देवीच्या अंगावर तांदूळ लावायचे, उजवे पडले तर हो, डावे पडले तर नाही. चौथ्या दिवशी सुंदराकाकी सगळ्यांच्या वतीनं उभी राहिली. "देवीन डावो दिल्यान, मालक. बंद ठेवूचो."

मी मालकांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "देवीक खंय काजू फोडूचे आसत?" ते ओरडले. "देवीक कित्याक तरास देतास? शेतां तुमची, हात तुमचे. माका तुमचो कौल होयो!"

"आणि आमचा चुकला तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"चुकला तर चुकला! माझा काय चुकना नाय?"

बायका पुन्हा बसल्या. ह्या वेळी भांडण कमी झालं. त्यांनी ठरवलं की सगळ्यांनी मिळून एकेकीचं शेत लावायचं आणि जिचं लावून झालं तिनं दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात यायचं. कारखाना एक दिवसही पुरता बंद पडला नाही, आणि लावणी नेहमीपेक्षा लवकर आटपली. त्या बायकांची चाल त्यानंतर बदलली, असं मला वाटतं. एका रविवारी दुपारी अवेळी ढग भरून आले, खळ्यात बी पसरलेली, कारखान्याला सुट्टी. मालक धावत खळ्यात पोचले तर बायका त्यांच्या आधीच येऊन बी ओढत होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. जेवण अर्धं टाकून आल्या होत्या. आमच्या डब्यात तुकडा निघत नाही, अशी ख्याती मुंबईच्या बाजारात झाली ती काही मालकांच्या देखरेखीमुळं नव्हे. मालक तर त्या वेळी बहुधा न्हाव्याकडे असायचे.

माझा मान पत्रांचा होता. कारखान्याचं कुठलंही पत्र मला पटल्याशिवाय बाहेर जायचं नाही. पटलं नाही तर मी ते टाइप न करता मालकांच्या टेबलावर परत ठेवायचं. कारण सांगायची सक्तीसुद्धा नाही. मला हे ऐकून हसू आलं होतं. मालकाचं पत्र टाइपिस्ट परत करते, असं कुठं असतं का?

सहा महिने मी एकही पत्र परत केलं नाही. मग एक दिवस मुंबईच्या एका व्यापाऱ्याला लिहिलेलं पत्र आलं. त्यानं आमच्या डब्यांबद्दल काहीतरी वेडंवाकडं कळवलं होतं आणि मालकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. मी टाइपरायटरवर कागद चढवला. पहिल्या ओळीवर हात अडला. वडील आठवले. पण कागद काढला, मूळ पत्र नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवलं आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मालक आले. "ह्या काय?"

"माका पटला नाय."

"त्यातला खोटा काय आसा?"

"खोटा काय नाय. पण राग तुमचो एकट्याचो, आणि डबे सगळ्यांचे."

ते छत्री आपटत खळ्यात गेले, दोन फेऱ्या मारल्या, परत आले आणि पत्राचे चार तुकडे केले. "तूच लिव," म्हणाले. मी लिहिलं. महिन्यानं व्यापाऱ्याचं उत्तर आलं, त्यानं चूक कबूल केली होती आणि आणखी डबे मागवले होते. मालकांनी ते उत्तर सगळ्या पडव्यांतून मोठ्यानं वाचून दाखवलं, प्रत्येक ठिकाणी माझ्याकडे छत्री करून. संध्याकाळी एस.टी.त मला बसायला जागा मिळाली नाही आणि मालवणपर्यंत मी उभी होते, तरी पाय दुखले नाहीत. घरी हे सांगितलं नाही. वडिलांना धक्का बसला असता.

पुढं मी पुष्कळ पत्रं परत केली. कधी माझं चुकलं, तेव्हा मालकांनी ते बोलून दाखवलं नाही. मला त्या दिवसांची फार आठवण येते, आणि ती लपवण्याचं काही कारण नाही. लग्नानंतर मी मुंबईला मोठ्या ऑफिसात नोकरी केली. खूप वर्षं केली. पंखा होता, कँटीन होतं, साहेब सभ्य होते. मी टाइप केलेल्या हजारो कागदांत काय लिहिलं होतं, त्यातलं आज काहीच आठवत नाही. घरी आल्यावर नवरा विचारी, आज काय झालं, आणि मला खरंच सांगता येत नसे. कट्ट्याच्या त्या कोपऱ्यातल्या खिडकीखाली मी जेवढी जागी होते, तेवढी पुन्हा कधी झाले नाही.

माझं लग्न ठरलं आणि नोकरीचे शेवटचे पाचेक आठवडे उरले, तेव्हाची गोष्ट. दादांचा मुलगा, म्हणजे मालकांचा पुतण्या, मुंबईत कारखाने कसे चालवावेत याचं शिक्षण घेऊन बसला होता. मालकांना मूल नव्हतं. त्या चतुर्थीला दादांनी फर्मावलं की कारखाना आता मुलाच्या हाती द्या. हे सगळं वहिनींनी मला सांगितलं. त्यानंतर आठवडाभर मालकांनी कुणालाच काही विचारलं नाही. न्हाव्याकडेही गेले नाहीत.

मग एका सकाळी माझ्या टेबलावर पत्र आलं. मालकांच्या अक्षरात, दादांना लिहिलेलं. 'आपल्या इच्छेप्रमाणे कारखान्याचा कारभार चिरंजीवाच्या हाती सोपवीत आहे. येथील जुन्या रीती त्यास योग्य वाटतील तशा त्याने बदलाव्यात.' एवढंच.

मी ते तीनदा वाचलं. दुसऱ्या वाक्याचा अर्थ मला लख्ख कळला होता. सुंदराकाकीचा हात पोत्यातून बाहेर निघणार होता. भिकाजीला भट्टीवर कुणीतरी शिकवायला येणार होतं. चाळीस बायका पुन्हा कुणाच्या तरी तोंडाकडे बघत बसणार होत्या. मला ते पत्र पटलं नव्हतं. एवढं न पटलेलं पत्र त्या टेबलावर दुसरं आलं नव्हतं.

पण हे त्यांच्या घरातलं होतं. भावाभावांतलं. मी परकी, त्यातून महिन्याभरात सोडून जाणारी. मी कोण बोलणार? घरची पत्रं मालक नेहमी स्वतःच्या हातानं लिहून स्वतःच पोस्टात टाकायचे, हे एकच का टाइप करायला आलं, हा विचारसुद्धा मी केला नाही. मी कागद चढवला आणि स्वच्छ, एकही खाडाखोड न करता ते टाइप केलं. मालकांनी ते घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि कागद खिशात घातला. पत्र पोस्टात गेलं तीन दिवसांनी. तेवढे दिवस मालक सकाळी ऑफिसात येऊन काही न बोलता उभे राहत आणि निघून जात. मला वाटलं, मी जाणार म्हणून त्यांना वाईट वाटतंय.

पुतण्या वाईट नव्हता. मोठ्यांशी अदबीनं बोलायचा. "अहो, सगळं बायकांनीच ठरवायचं तर मी कशाला आहे?" असं त्यानं मला हसत विचारलं होतं, आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी लग्न होऊन गेले. पुढचं मला वहिनींच्या पत्रांतून कळत गेलं. पोती पाहायला त्यानं पगारी माणूस ठेवला. त्या माणसानं ओली बी घेतली. काकीनं लांबून पाहिलं, पण बोलली नाही. तिचं ते काम राहिलं नव्हतं. डब्यांत तुकडा निघायला लागला. रविवारी पाऊस आला तेव्हा खळ्यात कुणी धावलं नाही. बायका एकेक करून दुसरीकडे गेल्या. दोन हंगामांत भट्टी थंड झाली आणि पुतण्या मुंबईला परत गेला.

मी मुलीला घेऊन पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा मालकांना भेटायला गेले. ते घराच्या ओसरीवर बसले होते. खूप वाळले होते. मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या नाकाकडे बघून हसले. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी इकडचं तिकडचं बोलत होते. त्यांनी मध्येच विचारलं,

"दादाक लिवलेला ता पत्र तू वाचलंस मां? टाइप करूच्या आधी?"

"वाचलंय."

"पटला होता?"

"नाय," मी म्हटलं. "पण तुमच्या घरातला काम. मी कशी बोलतलंय?"

त्यांनी मुलीचा पाय हातात धरून ठेवला होता. "दादाक नाय म्हणूक माका जन्मात जमाक नाय," ते म्हणाले. "म्हणानच तुझ्याकडे दिलंय. तू परत केलंस असता तर दादाक सांगूक माका काय तरी गावला असता. तीन दिस वाट बघलंय."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. ते रागावले नव्हते, मला उत्तर द्यायला वेळ देत होते. मला खूप काही म्हणायचं होतं. मी मान खाली घातली आणि त्या दिवसासारखीच गप्प बसले.